पोरींनी अभ्यासाला बसायचे कुठे?

माझी पुतणी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कवठे येमाईहून रोज एसटीने जाते-येते. गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो. रात्रीची जेवणे झाली, भांडी झाली आणि पोरगी कुठे दिसेना. भावजयीला विचारले तर म्हणाली, "गाडीत बसलीय ना." बाहेर जाऊन पाहिले तर अंगणात भावाची पिकअप उभी. ज्या पिकअपमधून कांदा मार्केटला जातो तीच. केबिनमधला छोटा दिवा लागलेला आणि स्टिअरिंगला वही टेकवून ही डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यास करतेय.

मी काच वाजवली. "इथे का बसलीस? घरात उजेड नाही का?"

"चाचू, घरात उजेड आहे. पण इथं कोणी पाणी मागत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. मी पुण्यात आयटीत काम करतो. आमच्या ऑफिसात 'फोकस रूम' नावाच्या काचेच्या खोल्या आहेत. कुणाला एकाग्रतेने काम करायचे असेल तर तो आत जाऊन दार लावून घेतो. एसी आहे, गुबगुबीत खुर्ची आहे. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या मोठ्या माणसांना काम करायला शांतता लागते हे कंपनीला कळते. परीक्षा देणाऱ्या पोरीला ती लागते हे आपल्याला घरात कळत नाही, मोहल्ल्यात कळत नाही आणि जमातीच्या बैठकीत तर विषयच निघत नाही.

मुलगा अभ्यासाला बसला की घरात टीव्हीचा आवाज कमी होतो. मुलगी बसली की तिला हाक मारणे सुरू होते. पाणी दे, दार बघ, लहान्याला घे, पाहुणे आलेत चहा ठेव. यात कुणी वाईट नसते. माझा भाऊ मुलीला शिकवायला निघालेला माणूस आहे, फीच्या वेळी कधी कुरकुर केली नाही त्याने. पण तीन खोल्या, सहा माणसे आणि सतत येणारे-जाणारे. त्यात मुलगी मोकळी बसलेली दिसली की ती मोकळीच आहे असे सगळ्यांना वाटते, मांडीवर पुस्तक असले तरी.

पिकअपची अडचण अशी की ती पोटापाण्याची गाडी आहे. बाजाराच्या आदल्या रात्री भरून निघाली की अभ्यासिकाही निघाली. आणि आता तर तेही बंद झाले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्या शेजारच्या पिंपरखेड भागात बिबट्याने माणसे मारली, त्यांत लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. ऊस उभा आहे तोवर बिबट्या आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हापासून अंधार पडला की अंगणात कुणी थांबत नाही. पोरगी पुन्हा घरात आली, आणि पाण्याच्या तांब्यापाशीही.

मी स्वतः कुठे अभ्यास केला, हे या निमित्ताने आठवत बसलो. मी अकरावी-बारावीला होतो तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. घरातली वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, पण शेतीच्या मोटारीला रात्रीची पाळी असे. अब्बा दारे धरायला रात्री जात तेव्हा मीही जायचो. ते बाऱ्यांतून पाणी फिरवत आणि मी मोटारीच्या खोलीत पत्र्याच्या भिंतीला टेकून साठचा बल्ब लावून बसायचो. मोटारीची घरघर इतकी एकसारखी असते की दहा मिनिटांनी ऐकू येईनाशी होते. माझे फिजिक्स तिथेच पक्के झाले. आज बिबट्यामुळे कुठला बाप आपल्या पोराला रात्री मोटारीवर नेईल? आणि पोरीला तर तेव्हाही नेले नसते. माझी बहीण माझ्याहून हुशार होती. तिला मोटारीची खोली मिळाली नाही. बारावीनंतर तिचे लग्न झाले. एवढ्या एका कारणाने झाले असे मी म्हणत नाही.

दिवसा मी येमाईच्या देवळात बसायचो. दगडी गारवा, वर्दळ कमी, आणि दुपारी तर कुणीच नसायचे. तिथले गुरवकाका मला नावानिशी ओळखत. मोमीन-शेख-इनामदार असल्या आडनावांचे पोर देवळात का बसलेय असा प्रश्न त्यांना पडला नाही आणि मलाही पडला नाही. कवठे हे तसे गाव आहे. तमाशाच्या फडांसाठी वग, लावण्या, गवळणी लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. राज्य सरकारने २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. एका मुस्लिम माणसाने लिहिलेली भक्तिगीते आणि लावण्या गावोगावच्या जत्रांत वाजत राहिल्या आणि त्यात कुणाला नवल वाटले नाही. मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा वाटले, देवळात जाऊन जरा बसावे. मग नको वाटले. मला कुणी अडवले नाही, कुणी काही बोलले नाही. मीच गेलो नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या सगळ्यांच्या आत जे काही बदलले आहे त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागेल, इथे नाही.

पुण्यात इंजिनिअरिंगला आलो २००६ साली. कॉट बेसिसवर खोली शोधताना नाव सांगितले की "कालच भरली हो जागा" हे उत्तर तीनदा ऐकले. शेवटी कॅम्पात एका जुन्या इमारतीत चौघांत एक खोली मिळाली. खाली वेल्डिंगचे दुकान. कॉलेजची लायब्ररी संध्याकाळी बंद व्हायची. पेठांमधल्या खासगी अभ्यासिका होत्या, पण महिन्याची फी माझ्या मेसच्या निम्मी होती. मग मी मशिदीत जाऊ लागलो. जोहर झाली की असरपर्यंत मशीद रिकामी असते. पंखा, सतरंजी आणि शांतता. पहिल्या दिवशी पुस्तके काढली तेव्हा कुणी हटकेल या भीतीने दाराकडे बघत बसलो होतो. इमामसाहेब आले, वाकून पुस्तक पाहिले. एम-थ्रीचे होते, पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंग केलेल्यांना या दोन अक्षरांचा धसका माहीत आहे. त्यांनी विचारले, "ये क्या है? अल्जेब्रा?" मी म्हटले, त्याच्या पुढचे. म्हणाले, "अल-जब्र तो अपना ही लफ्ज है. बैठो, पढो." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी एक छोटी चौकी आणून ठेवली होती, कुराण ठेवायची रेहल नव्हे, लिहिता येईल अशी. एम-थ्री मी त्या चौकीवर सोडवले.

म्हणून मशिदीत अभ्यास होऊ शकतो का, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. होतो. मी केलाय.

त्याच २००६ च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. तेव्हा आमच्या खोलीत त्यावर वाद व्हायचे, बहुतेक पेपरातल्या मथळ्यांवरून. अहवाल मी खूप नंतर वाचला. नामांकित कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुस्लिम आणि पदव्युत्तरला पन्नासांत एक, हा आकडा सगळ्यांनी उचलला. शिष्यवृत्त्या, बँकेची कर्जे, नोकऱ्यांतला टक्का, यांवर परिषदा झाल्या. पण त्याच अहवालाच्या शिफारशींमध्ये एक साधीशी गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. घरे लहान आहेत, मुलांना काही तास एकाग्र होऊन बसता येईल अशी अभ्यासकेंद्रे वस्तीवस्तीत हवीत, आणि त्यासाठी सरकार, स्वयंसेवी संस्था, उद्योग यांनी एकत्र यावे, असे समितीने सुचवले होते. वीस वर्षे होत आली. ही शिफारस अशी होती जिच्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नव्हता आणि कुणी कोर्टात गेले नसते. ती आपली आपण अमलात आणू शकलो असतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायका-मुलींना अर्धे तिकीट आहे. माझ्या पुतणीचे कॉलेज त्यावरच चालले आहे म्हणा ना. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल आणि मागासवर्गीय मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. आपल्यातल्या मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा ओबीसी बिरादऱ्यांना ती लागू आहे, फक्त दाखले वेळेवर काढा. प्रवास झाला, फी झाली. कॉलेज सुटल्यापासून झोपेपर्यंतचे जे सहा तास आहेत, ज्यांत खरा अभ्यास होतो, ते मात्र कुठल्याच योजनेत नाहीत.

वाचनालयांचे म्हणाल तर महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे आणि अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित ग्रंथालये हजारोंनी आहेत. पण खेड्यातले वाचनालय म्हणजे बहुतेक ठिकाणी पेपर वाचायची जागा, आणि पेपर वाचणारे कोण असतात ते आपण जाणतो. ड वर्गाच्या अनुदानात ग्रंथपालाचे घर चालत नाही, तो दिवसभर दार उघडे कसे ठेवणार? शिवाय चार पुरुष पेपर घेऊन बसलेल्या खोलीत एकोणीस वर्षांची पोरगी वही घेऊन शिरेल, ही अपेक्षा ज्यांनी खेडे पाहिले नाही त्यांनीच करावी.

जागेने माणूस कसा घडतो याचे आपल्याच मातीतले सगळ्यात मोठे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे आहे. परळच्या चाळीत सगळे कुटुंब एका खोलीत. वडील रामजी पहाटे दोनला मुलाला उठवत, कारण तेवढ्या वेळातच त्या खोलीत शांतता असे. आणि शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. बाग सार्वजनिक होती, बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुस्करांची त्याच्यावर नजर पडली. १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर केळुस्करांनी त्याला आपले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळण्यात त्यांचाच हात होता. एका बाकाने किती काम केले बघा. घरात वाचत बसले असते तर केळुस्करांना दिसले कसे असते? अभ्यासाची सार्वजनिक जागा नुसता उजेड देत नाही, ती मुलाला मोठ्यांच्या नजरेस आणते. पुढे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी, हे मला त्या चाळीतल्या खोलीचेच उत्तर वाटते.

शाहू महाराजांना हे नेमके कळले होते. वसतिगृह हे त्यांचे उत्तर होते. १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन बोर्डिंग उभे राहिले. मुस्लिम मुलगा हुशार आहे की नाही यावर महाराजांनी चर्चासत्र घेतले नाही, त्याला राहायला-बसायला छप्पर दिले. आपल्या कार्यक्रमांत शाहू महाराजांची तसबीर असतेच. त्या तसबिरीखाली बसून आपण 'समाज शिक्षणात मागे का' यावर बोलतो आणि हॉलला कुलूप लावून घरी जातो.

आता त्या कुलपाबद्दल.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका गावात, नाव सांगत नाही, मशिदीला लागून एक हॉल आहे. लोकांच्या वर्गणीतून बांधलेला, फरशी घातलेला, चार पंखे. निकाह, मय्यतचे जेवण आणि वर्षातून दोन बैठका, एवढाच त्याचा वापर. माझी बहीण त्या गावात दिलेली आहे. मेहुण्यांच्या ओळखीने मी जमातीच्या बैठकीत विषय मांडला की मगरीबपासून दहापर्यंत हा हॉल कॉलेजच्या आणि दहावी-बारावीच्या मुलामुलींना अभ्यासाला द्यावा. तास-दीड तास चर्चा झाली. कुणी भांडले नाही, उलट चहा दोनदा आला. पण आक्षेप जे आले ते सांगण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप विजेच्या बिलाचा. यावर मी इंजिनिअर असल्याचा फायदा घेतला. वीस वॉटच्या चार एलईडी ट्यूब आणि सत्तर वॉटचे दोन पंखे म्हणजे २२० वॉट. चार तासांऐवजी सहा तास धरा. दिवसाला सव्वा-दीड युनिट, महिन्याला चाळीस. दहा रुपये युनिट धरले तरी चारशे रुपये. उरसाला आपण लायटिंगवर एका रात्रीत किती घालवतो ते मी विचारले नाही, पण एका चाचांनी स्वतःच हसत सांगून टाकले.

दुसरा आक्षेप, पोरे मोबाइल बघत बसतील. बसतील. थोडी बसतीलच. घरी बसून ती कुराण-ए-पाकची तिलावत करताहेत असे तर नाही ना? दहांतली तीन मोबाइल बघतील म्हणून सातांचे टेबल काढून घ्यायचे, हा न्याय मला समजला नाही. शिवाय आमच्या पुतणीचा अर्धा अभ्यास मोबाइलवरच आहे, कोडिंगचे व्हिडिओ ती तिथेच बघते.

तिसरा आक्षेप हळू आवाजात आला. गैरमुस्लिम मुले आली तर? मी म्हटले, आली तर सतरंजी थोडी लांब पसरायची. माझा अभ्यास येमाईच्या देवळात झाला आहे हे मी त्यांना सांगितले तेव्हा दोन-तीन जुन्या माणसांनी माना हलवल्या. त्यांच्या आठवणीत असले काही ना काही होतेच. तरुणांच्या नव्हते. हे उलटे व्हायला हवे होते.

आणि चौथा आक्षेप, ज्यावर बैठक अडली, तो मुलींचा. मशिदीच्या आवारात मुली कशा येणार? वास्तविक हॉल वेगळा आहे, त्याचे दार रस्त्यावर उघडते. पण मुद्दा दाराचा नव्हताच. २०१९ मध्ये पुण्यातल्याच एका दाम्पत्याने मशिदीतील स्त्रियांच्या प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर खुद्द मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात म्हटले की स्त्रियांना मशिदीत नमाजला येण्यास धर्माची मनाई नाही. मी हे सांगितले. एकजण म्हणाले, "मनाई नहीं है, लेकिन रिवाज भी नहीं है." उत्तर बिनतोड होते. रिवाज नाही हे खरेच आहे, आणि तो कुणीतरी पाडल्याशिवाय पडणार नाही हेही तितकेच खरे.

मदीनेच्या मस्जिद-ए-नबवीत सुफ्फा नावाची छपराखालची जागा होती. ज्यांना घर नव्हते असे सहाबी तिथे राहत आणि शिकत. म्हणजे इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या मशिदीत नमाजेच्या जागेला लागूनच वसतिगृह आणि अभ्यासिका होती. हे प्रत्येक मौलाना बयानात सांगतात. मी त्या बैठकीत सांगितले तर सगळ्यांनी सुभानल्लाह म्हटले. मग निर्णय 'ईदनंतर बघू' असा झाला. ईदनंतर पंधरा-वीस दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होतात.

मला राग येतो तो यासाठी की आपल्याला जमत नाही असे नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाने पुणे हादरले तेव्हा आझम कॅम्पसने आपल्या मशिदीतली जागा क्वारंटाइनसाठी देऊ केली होती. तेव्हा कुणी रिवाज विचारला नाही. औरंगाबादेत २०२१ च्या जानेवारीत मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय सुरू केले आणि त्याची लागण एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात होत गेली. शाळकरी पोरीला जे सुचले ते पंचवीस मोठ्या माणसांच्या बैठकीत मंजूर होत नाही.

गेले वर्षभर आपण वक्फवर बोलतो आहोत. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याविरुद्ध निवेदने दिली, मोर्चे काढले, मीही एकात होतो आणि त्याबद्दल मला खेद नाही. समाजाच्या इस्टेटीवर समाजाचा हक्क हवा, हे म्हणणे बरोबरच आहे. पण कलेक्टर असो की कोर्ट, उद्या कुणी विचारले की या जागेचा समाजाला उपयोग काय, तर दाखवायला आपल्याकडे काय आहे? ज्या हॉलमध्ये संध्याकाळी वीस पोरे-पोरी अभ्यास करताना दिसतात, त्या हॉलकडे वाकड्या नजरेने बघायला कुणालाही जड जाईल. कायदेशीर मुद्दा वकिलांनी लढावा, हा मुद्दा टेबल-खुर्च्यांनी लढता येतो.

अभ्यासिका म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उद्घाटन, फलक आणि एसी येतो. त्याची गरज नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, जागा चालते की बंद पडते हे चार-पाच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते. किल्ली कुणाकडे आहे ही त्यांतली पहिली. किल्ली एका बड्या माणसाकडे असेल तर तो लग्नाला गेला की अभ्यासिका बंद. ती कॉलेजच्या पोरांकडेच, आळीपाळीने असावी. दुसरी, संडास. मुलींसाठी वेगळा, आतून कडी लागणारा संडास नसेल तर मुली दोन तासांच्या वर थांबत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. आपण म्हणतो, मुलींनाच आवड नाही. तिसरी, घरी पोचण्याची सोय. आमच्याकडे तर बिबट्यामुळे हा जिवाचाच प्रश्न आहे. रात्री साडेनऊला चार पोरींना एकदम, बॅटरी आणि काठी घेतलेल्या दोन मोठ्या माणसांनी घरोघर सोडायचे. रोज नवे दोघे. हे ठरले नाही तर पहिल्याच आठवड्यात आया पोरींना पाठवणे बंद करतील आणि त्यांचे चुकणार नाही. आणि टेबल. सतरंजीवर मांडी घालून दोन तास लॅपटॉप चालवून बघा, मग टेबल का म्हणतो ते कळेल.

मी सुरुवातीला काय केले तेही सांगतो, कारण ती चूक आमच्या व्यवसायातली सगळी माणसे करतात. पुतणीला पिकअपमध्ये पाहिल्यावर मी घरी वाय-फाय बसवून दिले. हजारो रुपयांचा राउटर, वर्षाचे पैसे भरलेले. मला वाटले प्रश्न सुटला. झाले असे की वाय-फाय आहे म्हणून शेजारची पोरे आमच्या ओसरीत येऊन बसू लागली आणि घरात होती तेवढीही शांतता गेली. तिने तक्रार केली नाही. दोन महिन्यांनी मीच विचारले तेव्हा म्हणाली, "चाचू, नेट होतंच की मोबाइलवर. मला दार पाहिजे होतं, लावायला."

डिसेंबरात आम्ही भावाभावांनी बसून ठरवले. कवठ्यातल्या आमच्या जुन्या घराची पडवी कांद्याच्या बारदानांनी भरलेली होती. बारदाने शेडमध्ये हलवली. भिंतीला चुना, दोन ट्यूब, एक पंखा, आणि दाराला आतून कडी. सुताराकडून सहा फुटी दोन टेबले करून घेतली. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ त्या खोलीत कुणी पाणी मागायचे नाही, असा घरात नियम केला. तो अब्बांनीच पहिल्या दिवशी मोडला आणि त्यांनाच दादींनी सगळ्यांदेखत बोल लावला, तेव्हापासून पाळला जातो. सुरुवातीला पुतणी एकटी होती. आता सात मुली येतात. चार आपल्या, तीन गावातल्या, त्यांतल्या एकीचा बाप देवळाच्या आळीत राहतो. परत सोडायला माझा भाऊ आणि तो असे दोघे जातात.

सात मुलींना दोन टेबले पुरतात, पण खुर्च्या चारच आहेत. बाकीच्या पाण्याचे कॅन उपडे घालून बसतात. खराडी, हडपसर, हिंजवडीच्या कंपन्यांत दर दोन-तीन वर्षांनी फर्निचर बदलते आणि जुन्या खुर्च्या भंगारात किलोच्या भावाने जातात, हे वाचकांपैकी निम्म्यांना माहीत असेल. आमच्या ऑफिसातल्या अ‍ॅडमिनवाल्यांशी बोललो आहे, मार्चअखेर बारा खुर्च्या मिळतील असे ते म्हणाले. सहा कवठ्याला ठेवू. उरलेल्या सहा मी बहिणीच्या गावी त्या हॉलच्या दाराशी नेऊन उतरवणार आहे, कुलूप असले तरी.